मृत्युपत्राचे पुनर्वाचन : काळ, शब्द आणि हेतू

१. प्रास्ताविक

शिलालेख, ताम्रपट, महजर, पत्रव्यवहार ह्यांकडे भाषेचा अभ्यासक आपुलकीने वळतो. परंतु आपल्याच काळात, आपल्याच घरातील कपाटात ठेवलेला एक कागद मात्र तो वकिलाचा विषय मानून बाजूस सारतो. तो कागद म्हणजे मृत्युपत्र. वस्तुतः मृत्युपत्राइतके शब्दांवर अवलंबून असणारे लेखन दुसरे क्वचितच असेल. खरेदीखतातील शब्द संदिग्ध असला तर लिहून देणाऱ्यास विचारता येते. मृत्युपत्र मात्र ज्या दिवशी प्रथम अर्थपूर्ण होते, त्या दिवशी त्याचा कर्ता उत्तर देण्यास हजर नसतो.

मृत्युपत्र करावे की नाही ह्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. केलेले मृत्युपत्र पुन्हा वाचावे ह्याविषयी फारच थोडे. प्रस्तुत लेखाचा हेतू इतकाच की, मृत्युपत्राचे पुनरवलोकन हे मुख्यतः भाषिक काम आहे, हे उदाहरणाने दाखवावे. कागदावरील शब्द तसेच राहतात, पण ते ज्या वस्तूंकडे, माणसांकडे आणि नियमांकडे बोट दाखवितात, ती सारी बदलत जातात. उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील, संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकाल हे गाव घेतले आहे. विवेचन १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या आधारे असून ते हिंदू, बौद्ध, जैन व शीख ह्यांच्या मृत्युपत्रांपुरते मर्यादित आहे. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीवाचून साधारणतः एकतृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. तो विषय स्वतंत्र आहे.

२. दोन काळांचा दस्तऐवज

उपर्युक्त अधिनियमाने मृत्युपत्राची जी व्याख्या केली आहे तिचा आशय असा : आपल्या मृत्यूनंतर अंमलात यावा अशा इच्छेने मनुष्याने आपल्या मिळकतीविषयी केलेली आपल्या हेतूची कायदेशीर उद्घोषणा. ह्या व्याख्येत दोन काळ आहेत. एक उद्घोषणेचा, दुसरा अंमलाचा. दोहोंमध्ये एक दिवसाचे अंतर असू शकते किंवा चाळीस वर्षांचे.

जे. एल. ऑस्टिन ह्या तत्त्वज्ञाने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये एखाद्या गोष्टीचे वर्णन करीत नाहीत, तर ती उच्चारणे म्हणजेच ती गोष्ट करणे होय, हा त्यांचा सिद्धांत आता सर्वपरिचित आहे. त्यांनी प्रारंभीच दिलेल्या मोजक्या उदाहरणांत, आपले घड्याळ भावास ठेवल्याचे मृत्युपत्रातील वाक्य आहे. परंतु ह्या उदाहरणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. ‘मी पैज लावतो’ ह्या वाक्याने पैज त्याच क्षणी लागते. मृत्युपत्रातील वाक्याने मात्र त्या क्षणी काहीही हस्तांतरित होत नाही. कृती उच्चारली जाते, पण स्थगित राहते. म्हणूनच अधिनियमाच्या ६२व्या कलमान्वये मृत्युपत्र करणारा जोवर मिळकतीची व्यवस्था लावण्यास समर्थ आहे तोवर ते केव्हाही रद्द करू शकतो किंवा बदलू शकतो. बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र ह्यांत मूलभूत भेद आहे तो हाच. ‘आज दिले आहे’ असे लिहिले की मृत्युपत्राची हद्द ओलांडून बक्षिसाचा प्रश्न उभा राहतो. ‘माझ्या पश्चात मालक होईल’ असे लिहिले म्हणजे हक्क अद्याप लिहिणाऱ्याकडेच राहतो. क्रियापदाच्या काळावर शेताची मालकी अवलंबून असावी, ही गोष्ट व्याकरणाच्या विद्यार्थ्यास खचितच विचार करावयास लावणारी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५८ मध्ये एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. तिम्मजम्मा ह्या प्रकरणात मृत्युपत्र सिद्ध करण्याची तत्त्वे मांडली. निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांनी लिहिला. इतर दस्तांहून मृत्युपत्र वेगळे कसे, हे सांगताना त्यांनी दाखवून दिले की, ते कर्त्याच्या मृत्यूपासून बोलू लागते आणि हे आपलेच आहे की नाही हे सांगण्यास कर्ता तेव्हा ह्या जगात नसतो. न्यायालयाची सावधगिरी येथून उद्भवते. आपलीही येथूनच उद्भवली पाहिजे. फरक इतकाच की, न्यायालयास कर्त्याच्या मृत्यूनंतर सावध व्हावे लागते आणि आपणास त्यापूर्वी होता येते.

३. एक नमुना

विवेचनाच्या सोयीसाठी एक नमुना रचू. तो कोणा एका व्यक्तीचा दस्त नव्हे. परंतु अशा भाषेतील कागद वऱ्हाडातील कोणत्याही गावात सापडू शकेल. वरवट बकाल येथील एका शेतकऱ्याने १९८८ साली अर्जनविसाकडून मृत्युपत्र लिहून घेतले, असे समजू. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ हा नेहमीचा प्रारंभ झाल्यावर त्यात चार वाक्ये आहेत :

(१) माझ्या पश्चात माझे राहते घर पत्नीस मिळावे.
(२) मौजे वरवट येथील माझे वडिलार्जित शेत माझ्या मुलांनी सारखे वाटून घ्यावे.
(३) धाकट्या मुलाने आईस सांभाळावे व बहिणीस वेळोवेळी मदत करावी.
(४) बँकेत असलेली ठेव मुलीच्या लग्नास लावावी.

त्या दिवशी ह्या चार वाक्यांत संदिग्ध असे काहीच नव्हते. लिहिणारा, सांगणारा आणि साक्षीदार ह्या सर्वांस घर कोणते, शेत कोणते, मुले कोण हे ठाऊक होते.

आता सुमारे सदतीस वर्षांनंतरची स्थिती पाहू. पत्नी निवर्तली आहे. गावातील जुन्या मातीच्या घरात कडबा व औजारे ठेवली जातात. मोठ्या रस्त्यालगत सिमेंटचे नवे घर झाले आहे व शेतकरी तेथे राहतो. थोरला मुलगा वारला. त्याच्या मागे पत्नी व दोन अपत्ये आहेत. धाकटा पुण्यास नोकरीस आहे. मुलीचे लग्न १९९२ सालीच झाले. पुढे ती विधवा होऊन माहेरी परतली. आज वडिलांचे औषधपाणी आणि शेतीचा हिशेब तीच पाहते. कपाटातील कागदात तिच्या वाट्यास ‘वेळोवेळी मदत’ आणि एका होऊन गेलेल्या लग्नाचा खर्च, एवढेच आहे. वडिलांची इच्छा बदललेली आहे हे साऱ्या गावास ठाऊक असेल. परंतु गावाचे ज्ञान हे मृत्युपत्र नव्हे.

४. ‘मौजे वरवट’

प्रथम स्थळवाचक शब्द घेऊ. संग्रामपूर तालुक्यात वरवट बकाल आहे, तसेच वरवट खंडेरावही आहे. गावात राहणारा मनुष्य आपल्या गावास नुसते ‘वरवट’ म्हणतो आणि बोलण्यात ते पुरेसे असते. कागदावर मात्र ‘बकाल’ आणि ‘खंडेराव’ हीच भेददर्शक पदे आहेत. ती गळली की एका नावाची दोन गावे शिल्लक राहतात.

अधिनियमाने संदिग्धतेचे दोन प्रकार केले आहेत आणि अर्थविचाराच्या विद्यार्थ्याने ते अवश्य पाहावेत. शब्द वरवर स्पष्ट असून बाह्य परिस्थितीकडे पाहिल्यावर ते एकाहून अधिक वस्तूंस लागू पडतात असे दिसले, तर ८०व्या कलमान्वये कोणती वस्तू अभिप्रेत होती हे ठरविण्यासाठी बाह्य पुरावा घेता येतो. ‘वरवट’ हे ह्या प्रकाराचे उदाहरण होय. परंतु संदिग्धता किंवा उणीव कागदाच्या तोंडावरच असेल, उदाहरणार्थ ‘सर्व्हे नंबर’ असे लिहून पुढील जागा कोरी सोडली असेल, तर ८१वे कलम हेतूविषयीचा बाह्य पुरावा घेऊ देत नाही. म्हणजे छपलेली संदिग्धता एक वेळ बरी होऊ शकते. उघड पोकळी भरून निघत नाही. आकडा आठवला नाही म्हणून जागा सोडून देण्याची सवय किती महागात पडू शकते, हे यावरून दिसून येईल.

ह्या प्रदेशात स्थळवर्णन स्थिर राहिलेले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. पूर्णेच्या उत्तरेकडील सातपुड्यापर्यंतचा हा भाग दीर्घकाळ जळगाव तालुक्यात होता; संग्रामपूर तालुका मागाहून झाला. जळगाव व खामगाव हे तालुके १९०५ साली अकोला जिल्ह्यातून बुलढाणा जिल्ह्यात आले. राज्याचे नाव मध्यप्रांत व वऱ्हाड, मग १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र असे बदलले. एकरगुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले. एकत्रीकरण योजना झाली तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. तेव्हा आजोबांचे खरेदीखत, वडिलांचे मृत्युपत्र आणि आजचा सातबारा ह्यांत एकाच वावराची तीन वर्णने सापडणे अशक्य नाही. वर्णनातील एखादा तपशील चुकल्याने देणगी आपोआप बुडत नाही; ७६व्या व ७८व्या कलमांत अशा चुकांबद्दल उदार तरतूद आहे. परंतु ती उदारता न्यायालयात जाऊन मिळवावी लागते. ताजे सातबारा व आठ-अ उतारे काढून गट क्रमांक, क्षेत्र व चतुःसीमा मृत्युपत्राशी ताडून पाहणे हे पुनर्वाचनाचे पहिले काम होय.

५. ‘माझे राहते घर’

‘राहते’ हे वर्तमानकालवाचक विशेषण आहे. प्रश्न असा की, कोणाच्या वर्तमानकाळाचे? १९८८ च्या, की मृत्यूच्या दिवसाच्या? सामान्य वाचक म्हणेल, लिहिले त्या दिवसाचे. अधिनियमाचे ९०वे कलम याच्या उलट सांगते : मृत्युपत्रात विरुद्ध हेतू दिसून येत नसेल तर मिळकतीचे वर्णन कर्त्याच्या मृत्युसमयी त्या वर्णनास जी मिळकत उतरते तिला लागू समजावयाचे. सारांश, कागद १९८८ मध्ये लिहिला असला तरी त्यातील ‘राहते घर’ आज रस्त्यालगतच्या सिमेंटच्या घराकडे बोट दाखविते. मातीचे घर त्यातून निसटते. हे शेतकऱ्याच्या मनात असेल किंवा नसेल.

भाषाशास्त्रात ‘मी’, ‘येथे’, ‘आज’ ह्यांसारख्या शब्दांचा निर्देश बोलणाऱ्याच्या स्थलकालाप्रमाणे बदलतो असे आपण शिकवितो. मृत्युपत्रात अशा शब्दांची व्याप्ती पुष्कळ मोठी असते. ‘सध्याचे’, ‘माझ्या ताब्यातील’, ‘बँकेत असलेली’ ही सर्व पदे कालसापेक्ष आहेत. नेमकी वस्तू सांगितली असेल तर दुसरी अडचण उद्भवते. विशिष्ट म्हणून दिलेली वस्तू मृत्युसमयी कर्त्याची नसेल किंवा तिचे रूपांतर निराळ्या प्रकारच्या मिळकतीत झाले असेल, तर १५२व्या कलमान्वये ती देणगी संपुष्टात येते. एखादे वावर मुलीस लिहून ठेवले आणि पुढे ते विकून त्या पैशातून घर बांधले, तर वावराऐवजी घर तिला आपोआप मिळत नाही. प्रत्येक विक्री व प्रत्येक खरेदी ही म्हणून मृत्युपत्र उघडण्याची वेळ समजावी.

६. ‘माझी मुले’

मराठीत ‘मुलगे’ म्हटले की केवळ पुत्र. ‘मुले’ ह्या नपुंसकलिंगी अनेकवचनात मात्र मुलगे व मुली दोन्ही सामावतात. तथापि शेतीच्या वाटणीचा विषय निघाला की गावच्या बोलण्यात ‘पोरं’ म्हणजे मुलगे असाच अर्थ पुष्कळदा गृहीत धरलेला असतो. नमुन्यातील दुसऱ्या वाक्यात मुलगी आहे की नाही? ‘मुलांनी’ ह्या रूपाने तर घोटाळा वाढतो, कारण ‘मुलगे’चे तृतीयेचे ‘मुलग्यांनी’ हे रूप प्रचारात कमी असून ‘मुलांनी’ दोन्हींसाठी चालते. एका प्रत्ययाच्या आड एक वाटा दडलेला आहे. ८२वे कलम प्रत्येक वाक्याचा अर्थ संपूर्ण मृत्युपत्रावरून लावावा असे सांगते. तिसऱ्या व चौथ्या वाक्यांत मुलीचा स्वतंत्र उल्लेख असल्यामुळे दुसऱ्यात ती नाही, असा युक्तिवाद भावाचा वकील करील, आणि ‘मुले’ ह्या शब्दाच्या कोशातील अर्थावर बहिणीचा वकील बोट ठेवील.

थोरल्या मुलाच्या मृत्यूने आणखी एक प्रश्न निर्माण झाला आहे. देणगी घेणारा कर्त्याच्या आधी वारला तर १०५व्या कलमाच्या सामान्य नियमाप्रमाणे ती देणगी लोपते व अवशिष्ट मिळकतीत मिसळते. पत्नीस दिलेल्या घराचे तसेच होईल. मात्र देणगी कर्त्याच्या अपत्यास असून त्या अपत्याचे वंशज हयात असतील, तर १०९व्या कलमान्वये ती लोपत नाही. थोरल्याचे नाव घेऊन त्याचा वाटा लिहिला असता तर हे कलम त्याच्या कुटुंबाच्या बाजूने सरळ उभे राहिले असते. परंतु नमुन्यात नाव नाही, ‘मुले’ हे वर्गवाचक पद आहे; आणि १११वे कलम म्हणते की, एखाद्या वर्गास दिलेली मिळकत त्या वर्गातील मृत्युसमयी हयात असणाऱ्यांनाच जाते. नातवंडांचा हक्क अशा रीतीने वादाचा विषय होतो. विशेषनाम आणि सामान्यनाम ह्यांतील भेद येथे केवळ व्याकरणाचा राहत नाही.

म्हणून पुनर्वाचनाच्या वेळी प्रत्येक नातेवाचक शब्दापुढे पूर्ण नाव लिहावे. घेणारा आधी वारल्यास काय, ह्याचे उत्तर त्याच वाक्यात द्यावे. आणि ‘वर न लिहिलेली व पुढे मिळणारी सर्व मिळकत’ कोणास, हे शेवटी एका कलमात सांगावे. असे अवशिष्ट कलम नसेल तर उरलेली मिळकत मृत्युपत्र नसल्यासारखी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे वारसांकडे जाते.

७. ‘मदत करावी’

तिसऱ्या वाक्यातील ‘सांभाळावे’, ‘मदत करावी’ ही विध्यर्थाची रूपे आहेत. मराठी व्याकरण ह्या अर्थात कर्तव्य, इच्छा, योग्यता, शक्यता अशा विविध छटा पाहते. हीच विविधता मृत्युपत्रात धोक्याची ठरते. ‘बहिणीस मदत करावी’ ही आज्ञा आहे, अट आहे, की केवळ बापाची अपेक्षा? अपेक्षा असेल तर ती मुलाच्या विवेकावर सोपविली गेली, असे ठरू शकते.

येथे वऱ्हाडी बोलीचा एक विशेष नमूद करण्यासारखा आहे. वऱ्हाडीत ‘येजो, करजो’ व अनेकवचनी किंवा आदरार्थी ‘येजा, करजा’ अशी आज्ञार्थाची रूपे आहेत. आज्ञा, पण तत्काळ नव्हे, पुढे पाळावयाची, असा त्यांचा भाव असतो. बाप अर्जनविसापुढे बसून ‘माह्या मांगं पोरीले सांभाळजा’ असे म्हणाला असेल. मृत्यूनंतर पाळावयाच्या आज्ञेस ह्याहून नेमके रूप कोणते? अर्जनविसाने ते ‘सांभाळावे’ असे प्रमाण मराठीत आणले आणि आज्ञेची धार बोथट झाली. अर्जनविसाचा ह्यात दोष नाही. त्याने प्रतिष्ठित भाषा वापरली. पण अशी भाषा कायद्याने मागितलेली नाही. ७४व्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, मृत्युपत्रास पारिभाषिक शब्दांची आवश्यकता नाही. कर्त्याचे हेतू कळतील असे शब्द असले म्हणजे पुरे. मृत्युपत्र बोलीत लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही.

अर्थात बोलीत असो वा प्रमाण भाषेत, केवळ भाव पुरेसा नाही. रक्कम, मुदत आणि ती कोणत्या मिळकतीवर बोजा म्हणून राहील, हे तिन्ही सांगितले तर इच्छा ही तरतूद होते. ‘वेळोवेळी’ ह्या क्रियाविशेषणावर कोणाचेही घर चाललेले नाही.

८. ‘वडिलार्जित’

काही शब्दांचा अर्थ घरात काहीही न घडता कायदेमंडळात बदलतो. ‘वडिलार्जित’ हा त्यांपैकी एक. १९५६ पूर्वी एकत्र कुटुंबातील सहदायकास आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. १९५६ च्या अधिनियमाच्या ३०व्या कलमाने तो देता येऊ लागला. परंतु देता येतो तो स्वतःचा हिस्सा, संपूर्ण शेत नव्हे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायक केले; ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद न ठेवता मुलीस जन्मतः सहदायक मानले; आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, त्या तारखेस वडील हयात असण्याची गरज नाही, असा निर्णय दिला. आपल्याकडील पद्धतीप्रमाणे वडील, आई व दोन मुलगे ह्यांत वाटणी कल्पिली तर वडिलांचा हिस्सा एकचतुर्थांश. मुलगी सहदायक म्हणून मोजली की तो एकपंचमांश. १९८८ च्या कागदाने जेवढे देता येत होते तेवढे आज देता येईलच, असे नाही.

उलट बाजूही आहे. लोक ज्यास वडिलार्जित म्हणतात ते सर्वच कायद्याच्या अर्थाने सहदायकी नसते. १९५६ नंतर वडील मृत्युपत्र न करता वारल्यामुळे ८व्या कलमान्वये मुलास मिळालेली स्वतंत्र मिळकत तो स्वतःची म्हणून धारण करतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन प्रकरणात म्हटले. तेव्हा ‘वडिलार्जित’ हे एकच विशेषण लिहून थांबू नये. शेत कोणाकडून, कोणत्या साली, वाटणीने की वारसाने की खरेदीने आले, हे फेरफार पाहून एका वाक्यात लिहावे. विशेषणाऐवजी इतिहास लिहावा.

९. नाव घालणे आणि देणे

चौथ्या वाक्यातील ठेवीवर शेतकऱ्याने बँकेत पत्नीचे नामनिर्देशन केलेले होते. सामान्य बोलण्यात ‘खात्याला नाव लावले’ म्हणजे ‘पैसा त्यास दिला’ असे समजतात. नाव घालणे व देणे ह्या दोन क्रिया भिन्न आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात अलीकडे पुन्हा स्पष्ट केले, ते एका मराठी कुटुंबाचेच होते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगांवकर ह्यांनी जून २०११ मध्ये मृत्युपत्र केले व ऑगस्ट २०१३ मध्ये ते निवर्तले. मृत्युपत्राखेरीज त्यांची काही गुंतवणूक होती व तीवर नामनिर्देशन केलेले होते. ती नामनिर्देशितांचीच होते की वारसाच्या सामान्य नियमांनी जाते, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निर्णय झाला की, कंपनी कायद्याखालील नामनिर्देशनाने नामनिर्देशितास निरंकुश मालकी मिळत नाही. उत्तराधिकाराचे नियम त्यामुळे बाजूस सरत नाहीत. विम्याच्या बाबतीत मात्र २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी व अपत्ये ह्या नामनिर्देशितांची स्थिती वेगळी केली आहे. बँकेच्या खात्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावे देता येतात. म्हणून मृत्युपत्र वाचावयास घेतले की त्याच बैठकीत बँक, टपाल, विमा व भविष्यनिर्वाह निधी ह्यांवरील नावेही पाहावीत. दिवंगत व्यक्तीचे नाव जेथे राहिले असेल तेथे बदलावे, आणि मृत्युपत्र व नामनिर्देशने ह्यांत विसंगती ठेवू नये.

१०. ‘जर’ आणि ‘तर’

पुनर्वाचनाची संधी न मिळालेल्या मृत्युपत्राचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या इतिहासात आहे. पुण्याचे सरदार श्री बाबामहाराज पंडित ह्यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी मृत्युपत्र केले. त्यांनी नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, तसेच अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. पत्नी गरोदर होती. मृत्युपत्रात अशी व्यवस्था होती की, मुलगा झाला नाही किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा. पुढे मुलगा झाला आणि तान्हेपणीच वारला. १९०१ साली औरंगाबाद येथे दत्तविधान झाले. त्यावरून जे वाद उभे राहिले ते १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलमध्ये मिटले. एका दिवसाच्या मुदतीत लिहिलेल्या ह्या कागदाने दोन भावी शक्यता संकेतार्थात नोंदविल्या होत्या, म्हणून त्यातील हेतू टिकला. ज्यास एकच दिवस मिळाला त्याने ‘जर–तर’ लिहिले. ज्यांस दशके मिळतात त्यांनी ते न लिहिण्यास सबब नाही.

११. दुरुस्तीची रीत

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सर्वांत सामान्य चूक म्हणजे जुन्या कागदावर पेनाने खाडाखोड करणे. ७१व्या कलमान्वये मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर केलेली खाडाखोड किंवा मधली भर, ती मृत्युपत्राइतक्याच विधीने, म्हणजे कर्त्याच्या व साक्षीदारांच्या सह्यांनी पुरी केल्याखेरीज, परिणामशून्य असते. अपवाद फक्त मूळ शब्द वाचताच येणार नाहीत इतके नष्ट झाल्याचा. लहान बदलासाठी पुरवणीपत्र करता येते, पण त्यासही तोच विधी लागतो. अनेक पुरवण्या झाल्या की त्यांचा परस्परसंबंध हाच नवा वाद होतो. एकाच मृत्युपत्रातील दोन तरतुदींचा मेळ बसणे अशक्य असेल तर ८८व्या कलमाप्रमाणे नंतरची तरतूद टिकते, हेही ध्यानी असावे. तेव्हा बदल महत्त्वाचे असतील तर संपूर्ण नवे मृत्युपत्र करणे हेच इष्ट.

नव्या मृत्युपत्रात तारीख असावी आणि ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवणीपत्रे मी रद्द करीत आहे’ हे वाक्य असावे. ६३व्या कलमान्वये कर्त्याने सही किंवा अंगठा करावयाचा, आणि किमान दोन साक्षीदारांनी, प्रत्येकाने ती सही होताना पाहून किंवा कर्त्याने ती आपली असल्याचे कबूल केल्यावर, त्याच्या समक्ष सही करावयाची. पुढे न्यायालयात साक्षीदारांपैकी एक तरी, तो हयात व हजर राहण्यासारखा असल्यास, तपासावा लागतो. १९८८ च्या कागदावरील साक्षीदार कर्त्याच्या वयाचे असतील तर आज ते हयात आहेत का, हेही पुनर्वाचनात पाहावे. नवे साक्षीदार वयाने लहान व मिळकतीत वाटा नसलेले घ्यावेत. मुद्रांक लागत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे नोंदणी ऐच्छिक असून तिला मुदत नाही. मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. नोंदलेले मृत्युपत्र नंतरच्या, विधिपूर्वक केलेल्या पण न नोंदलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते. तथापि पहिले नोंदलेले असल्यास दुसरेही नोंदवावे, म्हणजे संशयास जागा राहत नाही. वऱ्हाडात हिंदूंच्या मृत्युपत्रास मुंबई शहराप्रमाणे प्रोबेटची सक्ती पूर्वीही नव्हती. परंतु फेरफाराच्या वेळी वाद उपस्थित झाला तर शब्दांची परीक्षा व्हावयाचीच.

वाचन केव्हा करावे? जन्म, मृत्यू, विवाह, वैधव्य, खरेदी, विक्री, कर्ज, वाटणी ह्यांपैकी काहीही घडल्यावर. आणि काहीही घडले नाही तरी तीन ते पाच वर्षांनी एकदा. दिवाळीस वही बदलताना जुन्या येण्याजाण्यावर नजर टाकण्याची रीत आपल्याकडे आहे. त्याच बैठकीत हा कागद उघडण्यास हरकत नाही. आणि कसे करावे? कर्त्याने स्वतः वाचू नये. कुटुंबाबाहेरील, पण विश्वासाच्या मनुष्यास तो मोठ्याने वाचावयास सांगावे व प्रत्येक नामापाशी त्यास विचारू द्यावे : कोणते? कोण? केव्हाचे? तो नसेल तर? ज्या प्रश्नाचे उत्तर कागदात नसून कर्त्याच्या तोंडी असेल, तेथे दुरुस्तीची जागा आहे. वयोवृद्ध कर्त्याच्या बाबतीत अंतिम मसुदा जाणत्या वकिलास दाखवून घ्यावा, आणि जी व्यक्ती त्याची शुश्रूषा करते व जिला लाभ व्हावयाचा आहे, तिने लेखनात व नोंदणीत भाग घेऊ नये. मोठा लाभ घेणाऱ्याचा असा सहभाग न्यायालये संशयास्पद परिस्थितीत गणतात.

१२. उपसंहार

नमुन्यातील शेतकऱ्याकडे पुन्हा येऊ. तो हयात आहे, शुद्धीवर आहे, आणि म्हणून त्याचे वाक्य अद्याप पुरे झालेले नाही. ते बदलण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा आहे, आणि तो अधिकार त्याच्याबरोबरच संपणार आहे. त्याच्या घरातील मुलगी ह्याविषयी काही बोलू शकत नाही. बोलली तर ते मागणे ठरेल. मुलाने विषय काढला तर तो लोभ ठरेल. हा प्रश्न फक्त कागदच विचारू शकतो, आणि कागद मोठ्याने वाचल्याखेरीज बोलत नाही.

आपण प्राचीन लेखांच्या बाबतीत लेखकाचा हेतू शोधण्यासाठी आयुष्ये खर्ची घालतो, कारण विचारावयास लेखक उरलेला नसतो. येथे लेखक समोर खाटेवर बसलेला आहे. त्यास विचारून घेणे हे अर्थनिर्णयाचे सर्वांत सोपे, आणि सर्वांत अधिक वेळा राहून जाणारे साधन होय.